वाक्याचा अर्थ कुठून येतो? शाब्दबोधाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याकरण, न्याय (तर्काचे आणि ज्ञानसाधनांचे शास्त्र) आणि मीमांसा (वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र) या तीन शास्त्रांनी वाक्यार्थाविषयी हजारांहून अधिक वर्षे वाद घातला. त्यांच्या अनुयायांना अनुक्रमे वैयाकरण, नैयायिक आणि मीमांसक म्हणतात. संस्कृत पाठशाळांमध्ये हा वाद आजही शिकवला जातो, पण त्याची परिभाषा इतकी घट्ट विणलेली आहे की मराठी वाचक बहुधा उंबरठ्यावरूनच परत फिरतो. वाद समजून घेताना जे प्रश्न हमखास पडतात, ते येथे घेतले आहेत. शक्य तेथे उदाहरणे मराठीतली दिली आहेत आणि जेथे वादाचा मुद्दाच संस्कृत प्रत्ययांवर उभा आहे तेथे मूळ वाक्य तसेच ठेवले आहे.

शाब्दबोध म्हणजे नेमके काय?

वाक्य ऐकल्यावर श्रोत्याच्या मनात जे एकसंध ज्ञान उत्पन्न होते, त्याला शाब्दबोध म्हणतात. 'चैत्र तांदूळ शिजवतो' हे ऐकल्यावर चैत्र, तांदूळ आणि शिजवणे अशा तीन सुट्या गोष्टी आठवतात, पण तेवढ्याने वाक्य समजले असे होत नाही. त्या तीन गोष्टी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत हे कळले तरच ते समजते. या जोडणीत एक घटक मुख्य, म्हणजे विशेष्य, असतो आणि बाकीचे त्याची विशेषणे होऊन येतात, एवढे तिन्ही शास्त्रांना मान्य आहे. मुख्य घटक कोणता आणि ही जोडणी कोण करून देते, यावर मात्र त्यांचे एकमत कधीच झाले नाही.

आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन अटी कशासाठी?

सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' वाक्यार्थज्ञानाची ही तीन कारणे सांगतो आणि त्याने दिलेली प्रत्युदाहरणे फार बोलकी आहेत. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' या शब्दांच्या ओळीत एका शब्दाला दुसऱ्याची अपेक्षा नाही, म्हणून तेथे आकांक्षा नाही. 'विस्तवाने शिंपावे' यात अपेक्षा आहे, पण शिंपण्याचे काम विस्तवाने होऊ शकत नाही, म्हणून योग्यता नाही. 'गाय आण' यातला एकेक शब्द प्रहराप्रहराच्या अंतराने उच्चारला तर संनिधी राहत नाही.

यातील योग्यतेची अट सर्वांत वादग्रस्त ठरली. नैयायिकाच्या दृष्टीने शब्द हे प्रमाण आहे, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन आहे, त्यामुळे जगात जुळूच शकत नाही अशा गोष्टींचा बोध वाक्यातून होतो हे मान्य करणे त्याला जड जाते. वैयाकरण याच्या उलट विचारतो की, 'विस्तवाने शिंप' असे म्हटल्यावर ऐकणारा हसतो, तो काही समजल्याशिवायच का? वांझेचा मुलगा आकाशपुष्पांचा तुरा खोवून, सशाच्या शिंगाचे धनुष्य घेऊन चालला आहे, असे सांगणारा एक प्रसिद्ध श्लोक आहे. त्यातले एकही वर्णन जगात सापडणार नाही, पण श्लोक समजत नाही असे कोणी म्हणत नाही. नागेशभट्टासारखे वैयाकरण म्हणूनच शब्दाचा अर्थ बौद्ध, म्हणजे बुद्धीत असलेला, मानतात. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1957 मध्ये 'रंगहीन हिरव्या कल्पना त्वेषाने झोपतात' अशा आशयाचे इंग्रजी वाक्य देऊन व्याकरणशुद्धता आणि अर्थपूर्णता वेगळ्या आहेत असे दाखवले, ते याच परिसरातले आहे. मात्र त्यांना वाक्यरचनेचे स्वातंत्र्य सिद्ध करायचे होते, तर वैयाकरणाला अर्थ बाहेरच्या जगावर अवलंबून नाही हे सांगायचे होते. दोन्ही मुद्दे एकच समजण्याची चूक लोकप्रिय लेखनात सर्रास होते.

शब्दांच्या अर्थांतून वाक्याचा अर्थ तयार होतो, हे उघडच नाही का?

उघड वाटते खरे, आणि सातव्या शतकातील मीमांसक कुमारिलभट्टाच्या अनुयायांचे मत साधारण असेच आहे. प्रत्येक शब्द आधी आपापला सुटा अर्थ सांगतो, मग ते सांगितलेले अर्थ परस्परांशी जोडले जातात; म्हणून या मताला अभिहितान्वयवाद म्हणतात. आजवर कधीही न ऐकलेले वाक्य आपल्याला पहिल्याच खेपेस समजते, याचा उलगडा या मताने सहज होतो, कारण वाक्य नवे असले तरी त्यातले शब्द ओळखीचे असतात.

अडचण अशी की 'जोडणी' हा कोणत्याच शब्दाचा अर्थ नाही, मग ती आली कुठून? शब्दांनी आपला अर्थ सांगितला की त्यांचे काम संपते, असे म्हटले तर वाक्यार्थ शब्दांतून निघाला असे म्हणता येणार नाही. भाट्ट, म्हणजे कुमारिलपक्षाचे, मीमांसक येथे लक्षणेचा, म्हणजे मुख्य अर्थाशी निगडित असा दुसरा अर्थ घेण्याचा, आधार घेतात, तर नवव्या शतकातील काश्मीरचा नैयायिक जयंतभट्ट शब्दांच्या ठायी तात्पर्यशक्ती नावाची आणखी एक शक्ती मानतो.

मीमांसेतल्याच दुसऱ्या पक्षाचा प्रमुख प्रभाकर याने ही अडचण मुळातच टाळली. त्याच्या मते सुटा अर्थ असा नसतोच. शब्द जो अर्थ सांगतो तो दुसऱ्या कशाशी तरी जोडलेल्या रूपातच सांगतो. हा अन्विताभिधानवाद होय. गोटलोब फ्रेगे यांनी 1884 मध्ये घालून दिलेला, शब्दाचा अर्थ एकटा न विचारता वाक्याच्या संदर्भातच विचारावा हा दंडक, याच्या बराच जवळचा आहे. प्रतिपक्ष लगेच विचारतो: 'गाय आण' यातली गाय आणण्याशी जोडलेली आणि 'गाय बांध' यातली बांधण्याशी जोडलेली, मग या दोन वाक्यांत 'गाय' हे दोन वेगळे शब्द मानायचे काय? प्रभाकरपक्षाचे उत्तर असे की, शब्द कोणत्या तरी योग्य क्रियेशी असलेले सामान्य नाते सांगतो आणि शेजारचे शब्द त्याला विशिष्ट करतात. उत्तर चतुर आहे, पण एवढे मान्य केल्यावर दोन पक्षांतले अंतर पहिल्याइतके रुंद राहत नाही, असे मला वाटते.

मूल भाषा कशी शिकते, याचा या वादाशी काय संबंध?

प्रभाकराचा सर्वांत भक्कम पुरावा तेथूनच येतो. घरातला वडीलधारा माणूस धाकट्याला म्हणतो, 'गाय आण'. धाकटा जातो आणि गाय घेऊन येतो. लहान मूल हे पाहते आणि संपूर्ण उच्चाराचा संपूर्ण कृतीशी संबंध लावते. पुढे 'गाय बांध', 'घोडा आण' अशी वाक्ये कानावर पडली की कोणता शब्द बदलल्यावर कृतीतले काय बदलले, हे ताडून ते एकेका शब्दाचा अर्थ वेगळा काढते. शब्दांच्या या घालण्या-काढण्याला आवापोद्वाप आणि शिकण्याच्या या मार्गाला वृद्धव्यवहार म्हणतात. म्हणजे मुलाच्या कानावर पहिल्यांदा पडते ते वाक्य, सुटा शब्द कधीच नव्हे.

विलार्ड क्वाइन यांनी 1960 मध्ये एक काल्पनिक प्रसंग मांडला. अनोळखी भाषेचा बोलणारा सशाकडे पाहून 'गावागाई' म्हणतो, तेव्हा ससा, सशाचा अवयव की सशाचे क्षणिक दर्शन यांपैकी त्याला काय अभिप्रेत आहे, हे केवळ निरीक्षणाने ठरवता येत नाही. मीमांसकांचे मूल या पेचात कमी सापडते, कारण ते बोट दाखवून उच्चारलेला शब्द ऐकत नाही. आज्ञा आणि तिचे पालन अशी जोडी पाहते. पेच त्यामुळे पूर्ण सुटतो असे नाही, पण मीमांसकांनी निवडलेला प्रसंग भाषेच्या प्रत्यक्ष वापराशी अधिक प्रामाणिक आहे.

भर्तृहरीचा स्फोट म्हणजे गूढवाद आहे का?

स्फोट म्हणजे एकेक वर्ण ऐकता ऐकता मनात प्रकटणारे, अर्थ सांगणारे अखंड शब्दरूप. ते मांडणाऱ्या वैयाकरण भर्तृहरीच्या 'वाक्यपदीया'ची सुरुवात शब्दतत्त्व हेच ब्रह्म अशा विधानाने होते, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्या कांडातील युक्तिवाद अगदी जमिनीवरचे आहेत. भर्तृहरी म्हणतो की 'ब्राह्मणकंबल' या समासात 'ब्राह्मण' हा वेगळा अर्थ नसतो, त्याचप्रमाणे वाक्यात 'देवदत्त' इत्यादी शब्दांना स्वतंत्र अर्थ नसतो. मराठीत 'कानउघाडणी' घ्या. कुणाची कानउघाडणी झाली हे ऐकताना आपण आधी कान, मग उघडणे आणि मग त्यांचा संबंध अशा पायऱ्या चढत नाही. भर्तृहरीच्या मते प्रत्येक वाक्याचे असेच आहे: वाक्य अखंड असते, त्याचा अर्थ एका झटक्यात, प्रतिभेने उमगतो आणि शब्द, प्रकृती (प्रत्यय लागण्याआधीचे मूळ रूप), प्रत्यय ही फोड वैयाकरणाने शिकवण्यासाठी केलेली सोय आहे. असत्य वाटेवर उभे राहून सत्याकडे जावे लागते, असे तो स्वतःच्याच शास्त्राविषयी लिहितो, आणि हे धैर्य मला त्याच्या ब्रह्मविचारापेक्षाही विलक्षण वाटते.

यावर कुमारिलाने 'श्लोकवार्तिका'त कडक टीका केली: वर्णांपलीकडचा स्फोट कोणाच्या कानाला ऐकू येतो? मंडनमिश्राने 'स्फोटसिद्धी' लिहून त्याला उत्तर दिले. अखंड वाक्याचे मत पूर्णपणे स्वीकारले तर नवे वाक्य कसे समजते याचे उत्तर अवघड होते, हा आक्षेप मात्र अजून उभा आहे.

'मुख्य विशेष्य कोणते' हा वाद एवढा का गाजला?

कारण त्या एका प्रश्नात प्रत्येक शास्त्राची भाषेकडून असलेली अपेक्षा उघडी पडते. 'चैत्रः तण्डुलं पचति' हेच वाक्य घेऊ.

नैयायिक त्याचा बोध असा सांगतो: तांदूळ मऊ होण्याला अनुकूल अशा क्रियेसाठी जो प्रयत्न लागतो, त्या प्रयत्नाने युक्त असा चैत्र. येथे प्रथमान्त पदाचा अर्थ, म्हणजे चैत्र, मुख्य आहे आणि 'ति' या प्रत्ययाचा अर्थ कृती, म्हणजे प्रयत्न, एवढाच आहे. कर्ता हा अर्थ प्रत्ययाला कशाला द्यायचा, तो तर 'चैत्र' या शब्दाने सांगितलेलाच आहे, असे लाघवाचे, म्हणजे कमीत कमी गृहीत धरण्याचे, कारण तो देतो. नैयायिकाचे जग द्रव्ये आणि त्यांचे गुण यांचे आहे, म्हणून त्याचे वाक्यही एखाद्या पदार्थाविषयी काही सांगणारे असते.

वैयाकरण म्हणतो: चैत्र ज्याचा कर्ता आहे, तांदूळ ज्याचे कर्म आहे आणि जो वर्तमानकाळात चालू आहे, असा तांदूळ मऊ करणारा व्यापार. येथे धातूचा अर्थ मुख्य आहे. त्याच्या पाठीशी आख्यातात, म्हणजे क्रियापदात, भाव, म्हणजे क्रिया, प्रधान असते हे निरुक्तकार यास्काचे वचन आहे आणि लकार, म्हणजे 'ति'सारख्या क्रियापदप्रत्ययांचे मूळ रूप, कर्ता, कर्म किंवा भाव यांचा वाचक असतो हे सांगणारे पाणिनीचे सूत्रही आहे. त्याचे ठेवणीतले उदाहरण 'पश्य मृगो धावति', म्हणजे 'बघ, हरीण पळतंय' हे आहे. बघायचे आहे ते हरणाचे पळणे. हरीणच मुख्य असते तर ते 'पश्य' या क्रियेचे कर्म होऊन 'मृगम्' असे द्वितीयेत यायला हवे होते. नैयायिक मध्ये 'तम्' हे पद अध्याहृत, म्हणजे न उच्चारताही अभिप्रेत, धरतो आणि 'हरीण पळते आहे, त्याला बघ' अशी दोन वाक्ये करतो. 'रथो गच्छति' यातला रथ प्रयत्न करत नाही, या आक्षेपावरही त्याला लक्षणेकडे धाव घ्यावी लागते. या एका मुद्द्यापुरता वैयाकरणाचा पक्ष मला सरस वाटतो.

मीमांसकाला तांदळात मुळी रस नाही. त्याच्यापुढे 'स्वर्गकामो यजेत', म्हणजे 'स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने याग करावा', हे विधिवाक्य आहे आणि या वाक्याने माणसाला कामाला कसे लावले, हे त्याला समजून घ्यायचे आहे. म्हणून तो प्रत्ययाचा अर्थ भावना, म्हणजे काहीतरी घडवून आणण्याचा व्यापार, असा मानतो आणि तीच मुख्य ठरवतो. भावनेला तीन अपेक्षा असतात: काय घडवायचे, कशाने घडवायचे, कसे घडवायचे. त्यानुसार वाक्याचा अर्थ 'यागाने स्वर्ग घडवावा' असा होतो, म्हणजे धातूने सांगितलेला याग येथे चक्क साधन बनतो. वेदातील सगळी वाक्ये अखेर कर्तव्याकडे वळवायची असल्याने ही रचना त्याला हवीच होती.

कौंडभट्टाचा 'वैयाकरणभूषणसार' आणि गदाधराचा 'व्युत्पत्तिवाद' हे सतराव्या शतकातील ग्रंथ या वादाचा सर्वांत धारदार टप्पा दाखवतात.

हे सगळे मराठी वाक्यांना लागू पडते का?

लागू करून पाहिले की मजा येते. 'रामाने आंबा खाल्ला' यात प्रथमान्त पद 'आंबा' आहे. नैयायिकाचा नियम जसाच्या तसा उचलला तर हे वाक्य आंब्याविषयीचे ठरते, जे कोणाही मराठी माणसाला सहज पटणार नाही. 'रामाने रावणाला मारले' यात तर प्रथमान्त पदच नाही, आणि भावे प्रयोगापुरता धात्वर्थ मुख्य मानण्याचा अपवाद करण्याखेरीज नैयायिकाला गत्यंतर उरत नाही. वैयाकरणाचे मात्र दोन्हीकडे निभावते.

तरी वैयाकरणाची परिभाषाही मराठीत सुरळीत चालत नाही. 'तू पोळी खाल्लीस' हे वाक्य बारकाईने पाहावे. 'खाल्ली' हे स्त्रीलिंगी रूप पोळीमुळे आले आणि शेवटचा 'स' आला तो 'तू'मुळे. एकच क्रियापद कर्माशीही जुळते आणि कर्त्याशीही. कर्तरी, कर्मणी आणि भावे या तीन खणांत ते बसत नाही, म्हणून आपल्या व्याकरणांना कर्तृ-कर्मसंकर नावाचा चौथा खण करावा लागला. शिवाय 'तिने गाणे म्हटले' पण 'ती गाणे शिकली'. 'त्याने छत्री आणली' पण 'तो छत्री विसरला'. चारही क्रियापदे सकर्मक आणि भूतकाळी असूनही दोन कर्माशी जुळतात आणि दोन कर्त्याशी. हा भेद अर्थावरून ठरत नाही, रूढीवरून ठरतो.

'मला आंबा आवडतो' या वाक्यातील कर्त्याबद्दल तर दर पिढीत नव्याने भांडण होते. पाणिनीने ते आपल्यापुरते मिटवले आहे: रुचण्याच्या अर्थाच्या धातूंच्या योगात ज्याला आनंद होतो तो संप्रदान, त्यामुळे 'देवदत्ताय रोचते मोदकः' यात मोदक कर्ता आणि देवदत्ताला चतुर्थी. मराठी क्रियापदाची जुळणीही हेच सांगते, कारण 'मला आंबा आवडतो' पण 'मला कैरी आवडते'. तथापि 'रमाला आपले घर आवडते' यात 'आपले' म्हणजे रमाचे, घराचे नव्हे. 'आपला' हे सर्वनाम सामान्यतः वाक्यातील कर्त्याकडे बोट दाखवते, हे लक्षात घेतले तर रमाला कर्तेपणातून सहजासहजी वगळता येत नाही. माझ्या मते 'कर्ता' या एका नावाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत: क्रियेत स्वतंत्र असलेला, क्रियापद ज्याच्याशी जुळते तो, आणि वाक्य ज्याच्याविषयी आहे तो. संस्कृत कर्तरी वाक्यात या तिन्ही बहुधा एकत्र नांदतात, मराठीत त्या वारंवार फुटतात.

यात इतिहासाचाही वाटा आहे. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण 1836 चे आणि मोरो केशव दामले यांचे 1911 चे. या काळात मराठी व्याकरणाला संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन्ही व्याकरणांचे साचे मिळाले. त्याआधी गोव्यात थॉमस स्टीफन्स यांचे कोंकणी व्याकरण 1640 मध्ये रायतूर येथे छापले गेले, ते पोर्तुगीज भाषेत होते. साचा कोणताही असो, 'तू पोळी खाल्लीस' त्यातून बाहेर डोकावतेच.

लक्षणा आणि व्यंजना यांना व्याकरणात जागा आहे का?

व्याकरणापेक्षा अर्थविचारात आहे. 'गङ्गायां घोषः', म्हणजे गंगेवर गवळ्यांची वस्ती, हे लक्षणेचे शास्त्रोक्त उदाहरण. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो आणि 'आम्ही गंगेवर राहतो' असे सांगतो, तेव्हा कोणी होडीची चौकशी करत नाही. वाच्यार्थ जुळत नाही म्हणून काठ हा अर्थ घेतला जातो. व्यंजनेत मात्र वाच्यार्थ नीट जुळत असतो आणि त्याखेरीज आणखी एक अर्थ सुचवला जातो. काव्यशास्त्रकार मम्मटाने दिलेले 'सूर्य मावळला' हे वाक्य गुराख्याला गुरे परत फिरवायला सांगते, तर प्रियकराला भेटायला जाणाऱ्या अभिसारिकेला निघायची वेळ झाल्याचे सुचवते. पॉल ग्राइस यांनी संभाषणातील सूचितार्थाची जी मीमांसा केली तिच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. तथापि व्यंजनेचा पुरस्कर्ता काव्यशास्त्रकार आनंदवर्धन याला ती हवी होती ती काव्यासाठी, आणि नैयायिकांनी तिला स्वतंत्र शक्ती मानण्याचे सातत्याने नाकारले. त्यांच्या मते तेथे केवळ अनुमान असते.

बौद्धांचे मत काय होते?

दिङ्नागाच्या अपोहवादानुसार 'गाय' हा शब्द गोत्वासारखे, म्हणजे सर्व गायींत समान असलेल्या गायपणासारखे, कोणतेही सामान्य दाखवत नाही, तो फक्त गाय नसलेल्या सगळ्यांना वगळतो. 'गाय नसलेले' कळण्यासाठी आधी गाय कळायला हवी, हा कुमारिलाचा अन्योन्याश्रयाचा आक्षेप प्रसिद्ध आहे. धर्मकीर्तीने हा विचार पुढे नेला.

पाणिनी हा पहिला चॉम्स्की होता, असे म्हणता येईल का?

म्हणू नये. सुमारे चार हजार सूत्रांतून रूपे निष्पन्न करणारी 'अष्टाध्यायी'ची यंत्रणा पाहून लिओनार्ड ब्लूमफिल्ड यांच्यासारखे भाषाशास्त्रज्ञ थक्क झाले, ते रास्तच होते. परंतु चॉम्स्की यांच्याप्रमाणे पाणिनीला मानवी मनाची जन्मजात भाषाक्षमता सिद्ध करायची नव्हती. त्याला शिष्टांच्या संस्कृत प्रयोगाचे काटेकोर आणि संक्षिप्त वर्णन करायचे होते.

ज्ञानेश्वरांनी या विषयावर काही म्हटले आहे का?

'अमृतानुभवा'चे सहावे प्रकरण शब्दखंडनाचे आहे. तेथे आधी शब्दाची थोरवी गाइली आहे, कारण विसरलेल्याची आठवण करून देणे हे त्याचे काम. पुढे ज्ञानेश्वर म्हणतात की जे स्वयंप्रकाश आहे त्याला विसरही नाही आणि आठवही नाही, मग तेथे शब्दाने काय करायचे? हा शाब्दबोधाच्या वादातला चौथा पक्ष समजू नये. तो वाद जेथे लागू होत नाही ती सीमा येथे दाखवली आहे.

वाचनाची सुरुवात कुठून करावी?

'तर्कसंग्रहा'च्या शब्दपरिच्छेदापासून. तो मोजक्या पानांत संपतो आणि परिभाषा हाताशी येते. त्यानंतर विश्वनाथाच्या 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'चे शब्दखंड घ्यावे. व्याकरणाच्या बाजूने येणाऱ्याला वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांचे पतंजलीच्या महाभाष्याचे, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरील भाष्याचे, मराठी भाषांतर उपलब्ध आहे. त्यातील पस्पशाह्निक, म्हणजे पहिला प्रास्ताविक भाग, एवढे जरी वाचले, तरी 'गौः म्हटल्यावर त्यात शब्द कोणता' हा पतंजलीचा प्रश्न आणि पुढचा सारा स्फोटविचार यांचा धागा दिसू लागतो. मराठीतील प्रयोगविचाराच्या भांडणांसाठी कृ. श्री. अर्जुनवाडकर यांचे लेखन वाचावे. गदाधर मात्र गुरूशिवाय एकट्याने वाचू नये, कारण त्याची वाक्ये लांब आहेत एवढीच अडचण नाही. प्रत्येक वाक्यात पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढायचे प्रतिपक्षाचे मत, कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झाले, हे शेजारी बसून कोणीतरी दाखवावे लागते.